जाळीखालची सहल

ट्रॅक्टरमागची ट्रॉली बागेच्या फाटकातून आत शिरली, सगळ्यांनी सवयीने वर पाहिलं, आणि मधलीने पुन्हा एकदा पाहिलं. वर आभाळ नव्हतं. जाळी होती.

पांढरी, बारीक विणीची, खांबाखांबांवर ताणलेली जाळी बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. ऊन तिच्यातून गाळून खाली येत होतं. सफरचंदांच्या रांगा, मधलं गवत, पुढच्या ट्रॉलीतली पोरं, टोपल्या, सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं पांढुरकं दिसत होतं. सावल्यासुद्धा धड पडत नव्हत्या. कुठेतरी शेळ्या ओरडत होत्या, कुठेतरी झोपाळ्याची कडी कुरकुरत होती, पण आवाज कुठून येतोय ते कळत नव्हतं.

“गारांसाठी आहे,” ट्रॅक्टर चालवणारी बाई मान न वळवता म्हणाली. “फुलं गळाली की पसरायची, फळं उतरली की गुंडाळायची. दर वर्षीचंच.”

मधलीने जाहिरातीत पाहिलेला फोटो फुलांच्या दिवसांतला होता. त्यात झाडांवर नुसतं निळं आभाळ होतं. शेळ्या, ससे, रस काढायचं यंत्र, मुलांसाठी भूलभुलैया, यातलं तिला काहीही नको होतं. ते आभाळ बघून तिने ही जागा ठरवली होती.

दादा गवताच्या गठ्ठ्यावर बसला होता. त्याने डोकं मागे टाकलं, डोळे बारीक केले आणि निकाल दिला, “हे छत आहे.”

दादाचा धंदा गळक्या गच्च्या दुरुस्त करून देण्याचा. छताच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा, अशी घरात रीत होती.

“जाळी आहे ती!” धाकटी म्हणाली. धाकटी पोहायला शिकवते. तलावाच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जाईल अशाच आवाजात ती बोलते, समोरचा मांडीला मांडी लावून बसलेला असला तरी. “पाणी गळतं ना त्यातून? मग कसलं डोंबलाचं छत?”

“गारा अडतात ना? मग छत.”

“म्हणजे तुझ्या डोक्यावरची टोपीपण छत.”

“टोपी माणसाला असते. छत जागेला असतं.”

“बाबा,” बुटकी म्हणाली, “मधल्या आत्याला काय बोलायचंय ते तुम्हाला ठाऊकसुद्धा नाही, आणि तुम्ही आधीच पळताय.” बुटकी ही दादाची मुलगी. लहानपणी बुटकी होती म्हणून नाव पडलं, आणि आता घरात सगळ्यांत उंच तीच.

“पळत नाहीये मी. नियम सांगतोय.”

या घराण्यात छताखाली भांडत नाहीत. नियम आजोबांचा. आजोबा जन्मभर लोकांची छपरं शाकारत हिंडले. कोणाचं छप्पर गळायला लागलं की शिडी लावायच्या आधी ते विचारायचे, घरात कोण कोणाशी बोलत नाही? भांडणाने छप्पर गळतं असं त्यांचं ठाम मत. स्वतःच्या घराचं काम फुकटात करावं लागेल या धास्तीने त्यांनी ते मत काढलं असणार, असं आजी म्हणायची, आणि तेही अंगणात येऊन. मत राहिलं आणि त्याचा नियम झाला. जे काही वाकडं बोलायचं ते बाहेर, उघड्यावर. घरात कोणी “फिरायला जाऊ या” म्हटलं की पोरांना कळायचं, कोणाचं तरी काहीतरी बिनसलंय. आजोबा आणि त्यांचा भाऊ वेगळे झाले ते तळ्यात, होडीत बसून. बाबांनी नोकरी सोडल्याचं आईला सांगितलं ते प्राणिसंग्रहालयात, अस्वलाच्या कुंपणापाशी. धाकटीने सासर सोडलं तेव्हा सगळे उद्यानातल्या काचघरात जमले होते, आणि काच हे छत की नव्हे या वादातच दुपार गेली. तीन पिढ्यांत या लोकांनी जवळपासची एकही प्रेक्षणीय जागा सोडली नव्हती, आणि त्यातल्या एकाही जागेची गोड आठवण कोणापाशी नव्हती.

मधलीने मात्र आजवर कधीही कोणाला फिरायला नेलं नव्हतं. तिला कोणाशी भांडायचंच नसायचं. म्हणून गेल्या आठवड्यात तिने दादाला आणि धाकटीला फोन केला तेव्हा घरभर हलकल्लोळ झाला. ती बोलायच्या आधीच ज्याने त्याने आपापला अंदाज बांधला आणि त्यावरचं उत्तरही पाठ करून आणलं.

आणि खरी गोष्ट अगदी साधी होती. मधली कवळ्या बनवायची. मागच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल होतं. त्यावर प्लॅस्टरचे जबडे, मेणाच्या पट्ट्या, दातांचे रंग जुळवायची पट्टी, आणि कानशी. दवाखान्यांतून ठसे यायचे, इथून दात जायचे. हे काम ती जिच्याकडे शिकली ती बाई दूर बंदराच्या शहरात कवळ्यांची मोठी कार्यशाळा चालवत होती, हाताखाली मुली शिकत होत्या. आता बाईंची नजर गेली होती. त्यांनी निरोप पाठवला होता, ये, आणि हे सगळं तू चालव, दुसऱ्या कोणाच्या हातावर माझा विश्वास नाही. उत्तर आज संध्याकाळी द्यायचं होतं. मधलीला जायचं होतं. तिला इतकं जायचं होतं की रात्री झोपेत तिला समुद्राचा वास यायचा. फक्त आईने “जा” म्हणायला हवं होतं. बाबा गेल्यापासून घरात दोघीच होत्या, आणि आईने हसून “जा” म्हटल्याशिवाय तिचा पाय निघणार नव्हता.

आई ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून बसली होती. हात कठड्यावर, डोळे अर्धे मिटलेले. त्या दुधाळ उजेडात तिचे पांढरे केस कुठे संपतात आणि बाग कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं. “छान आहे हो जागा,” ती कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाली.

ट्रॉली इतकी हळू चालत होती की बाजूच्या फांद्यांवरची सफरचंदं हाताला लागून मागे जात होती.

एका रांगेशी बाईने ट्रॅक्टर थांबवला, प्रत्येकाच्या हातात टोपली दिली आणि एक फळ तोडून दाखवलं. “तळव्यात घ्यायचं, वर उचलायचं, जरासं फिरवायचं. तयार असेल तर आपणहून येतं. ओढायचं नाही.”

धाकटीने पहिलंच ओढलं. फांदी सपकन वर गेली आणि चार सफरचंदं दादाच्या पाठीवर पडली. दादाने ती उचलून उन्हाकडे धरून बघितली, छिद्रं आहेत का ते. बुटकीचा हात सगळ्यांत वर पोचत होता, त्यामुळे तिच्या टोपलीत सगळ्यांत लाल फळं जमत होती. पलीकडच्या रांगांत कुठली कुठली कुटुंबं होती. फांद्यांखालून त्यांचे नुसते पाय दिसायचे, मोठे पाय आणि त्यांच्यामागे धावणारे छोटे पाय.

मधलीच्या शेजारी वहिनी आली. वहिनी कामाचं बोलायच्या आधी नेहमी काहीतरी हातात घेते. आता तिने एक सफरचंद घेतलं आणि पदराने पुसायला लागली. पुसून पुसून त्याचा आरसा झाला.

“वन्सं, आईंबद्दल आहे ना?”

“वहिनी, वर जाळी आहे.”

“ते तुमच्या घराण्याचं. मी सून आहे, मला चालतं.” वहिनीने दुसरं सफरचंद घेतलं. “स्पष्ट विचारते. आईंना आमच्याकडे ठेवायचं म्हणताय का? मला झोप नाही चार दिवस. त्या आल्या तर मी नाही म्हणणार नाही. पण माझ्या स्वयंपाकघरात त्या डबे हलवतील आणि मी मनातल्या मनात कुढत बसेन. तुमच्याकडे कुढायलापण बसने जावं लागतं.”

मधलीला हसू आलं, आणि हसता हसता तिने सगळं सांगून टाकलं. बाई, बंदर, मुली, आजची संध्याकाळ.

वहिनी पुसायची थांबली. “इतकंच?”

“इतकंच म्हणजे?”

“जा की मग. मला आधी सांगितलं असतंत तर चार दिवस झोपले तरी असते.”

जिची भीती होती तिने एका वाक्यात मोकळं केलं. मधलीचे डोळे भरून आले. मनात मात्र तिने तो शब्द तोलून पाहिला, आणि तो पुरेना. वहिनीचं “जा” गोड होतं, पण आईचं ते आईचं.

धाकटी दोन झाडं पलीकडे होती. ती झुकून फांद्यांखालून आली, केसांत पानं घेऊन.

“ताई, लग्न करतेयस ना? कर! मी तुझ्या बाजूने आहे. दादाला मी बघते. कवळीवाला डॉक्टर आहे ना तो, जाड चष्म्याचा?”

“हळू बोल. लग्न नाही करत मी.”

“मग?”

मधलीने सांगितलं. तिला वाटलं होतं धाकटी टाळ्या पिटेल. धाकटीचा चेहरा उतरला.

“म्हणजे तू घरात नसणार?”

“आई आहे की.”

“आई आहे गं. पण रात्री दहाला मी न सांगता येऊन उभी राहिले तर दार कोण उघडतं? तू. विचारतेस का कधी, काय झालं म्हणून? नाही. नुसती चादर काढून देतेस.” धाकटीने नाक ओढलं. “माझं माहेर म्हणजे ती चादर आहे, ताई. तू गेलीस तर मी कुठे जाऊ?”

“तू एवढी मोठी झालीस…”

“मी मोठी झालेय हे मला माहितीय! तरी विचारतेय!” आणि तो आवाज तलावाच्या दुसऱ्या काठापर्यंत गेला. “दादा! ही आपल्याला सोडून समुद्रावर चाललीय कायमची!”

रांगेतले सगळे पाय थांबले. अनोळखी पायसुद्धा.

दादा टोपली घेऊन आला. त्याने एकदा वर जाळीकडे पाहिलं, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. “मधले, मला वाटलं तुला वरची खोली हवीय. मी ती द्यायची तयारी करून आलो होतो.” त्याच्या आवाजात खरंच दुखावल्याचा सूर होता. “भिंतींचा रंगसुद्धा ठरवला मी.”

“मला खोली नकोय, दादा.”

“आईला सांगितलंस?”

“अजून नाही.”

“मग आधी सगळ्या जगाला कशाला सांगत सुटलीस?” आणि तो सवयीप्रमाणे सगळं उरकायला लागला. आईला आमच्याकडे आणू, नाहीतर धाकटी तिथे जाऊन राहील, नाहीतर रात्रीपुरती बाई ठेवू. धाकटी म्हणाली, मी कशाला, मला परस्पर गृहीत धरू नकोस. वहिनी म्हणाली, अहो, आधी आईंना विचारा. बुटकी म्हणाली, बाबा, छत! मधलीच्या जाण्यावर नाराज असलेले दादा आणि धाकटी आता समोरासमोर आले, आणि वर्षानुवर्षं एकमेकींना टाळणाऱ्या धाकटी आणि वहिनी एका झाडाखाली उभ्या राहिल्या. मधलीला तो सगळा गलका लांबून ऐकू आल्यासारखा वाटत होता. हातातल्या फळाचं देठ ती नुसतं फिरवत होती.

“मला तो भूलभुलैया बघायचाय,” आई म्हणाली.

ती रांगेच्या टोकाला टोपली घेऊन उभी होती. टोपलीत एकच सफरचंद. तिने काही ऐकलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. ती वळली आणि चालायला लागली.

भूलभुलैया जाळीच्या बाहेर होता. उंच, दाट झुडपांच्या भिंती, आत अरुंद वाटा, आणि वर खरंखुरं आभाळ. जाळीखालून तिथे पाय टाकताच सगळ्यांच्या सावल्या परत आल्या आणि डोळे दिपले. पहिल्या वळणाला आई डावीकडे गेली. मधली तिच्या मागे. बाकीचे वाद घालत होते, ते उजवीकडे वळले, आणि दोन मिनिटांत त्यांचे आवाज झुडपांपलीकडे गेले.

आई कुठेही न थांबता वळत होती. हाताने पानं चाळवत, उगाच इकडेतिकडे बघत चालत होती. उन्हाने झुडपांना गोडसर वास सुटला होता, आणि वळणं इतकी सारखी होती की आपण चालतोय की झुडपंच सरकतायत असं तिला वाटत होतं. मग वाट एकदम संपली आणि मधोमध एक गोल जागा आली. तिथे बाक होतं. आई बसली, टोपलीतलं सफरचंद काढलं आणि साडीला पुसलं.

“दे, चिरून देते,” मधली म्हणाली.

“नको.”

“पुढच्या दातांनी चावू नकोस, निघेल.”

“माहितीय. तूच शिकवलंयस.” आईने सफरचंद तोंडाच्या कोपऱ्यात धरलं आणि चावलं. करकरीत आवाज झाला. मधली न ठरवता कवळीकडे बघत राहिली. ती बसवताना तिने वरचा एक दात मुद्दाम किंचित पुढे घेतला होता, कारण आईचा स्वतःचा दात तसाच होता. सरळ बसवला असता तर आई हसताना परकी दिसली असती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती चूक समजून परत पाठवली होती, आणि मधलीने ती तशीच पुन्हा धाडली होती.

“बोल,” आई म्हणाली. “वर काही नाही.”

“तू ऐकलंयस.”

“धाकटीचं ऐकलं. ते शेळ्यांनीपण ऐकलं. तुझं ऐकायचंय.”

मग मधली बोलली. आठवडाभर मनात घोळवलेली वाक्यं सगळी विसरली आणि भलतीच बोलली. बाईंना आता दाताचा रंग दिसत नाही, त्या बोटांनी ठसा चाचपतात. तिथे शिकणाऱ्या मुलींना मेण कोरणं कुठे थांबवायचं ते कळत नाही. आपण खिडकीशी बसून जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडाचं बघत आलो, आणि आता एकदा वाटतंय की आपलं काहीतरी आपण चालवावं. “मला जायचंय गं,” ती म्हणाली. “खूप जायचंय.”

आई चावत राहिली. एक घास संपायला तिला बराच वेळ लागतो. झुडपांपलीकडून दादाचा आवाज आला, “हा खांब आपण मघाशी पाहिला होता!” आणि धाकटीचा, “नव्हता, दादा, तो वेगळा होता!”

“मग?” मधलीने विचारलं.

“मग काय?”

“तू म्हणशील तसं.”

“मी काही म्हणणार नाही.” आईने सफरचंद मांडीवर ठेवलं. “तुला वाटतंय मी हसून जा म्हणावं. डबा बांधून द्यावा. स्टेशनवर येऊन हात हलवावा. हो ना?”

“हो,” मधली म्हणाली. तिला लाज वाटली, पण ते खरं होतं.

“नाही जमणार मला. मला नाही आवडलेलं.”

“म्हणजे जाऊ नको म्हणतेस?”

“तसंही म्हणत नाही. मी जाऊ नको म्हटलं तर तू राहशील, आणि तोंडातून ब्र काढणार नाहीस. मी काय ओळखत नाही तुला? म्हणून नाही म्हणत. पण आवडलं असं खोटं कुठून आणू? सकाळी तुझ्या खोलीतून ते घासल्याचा आवाज येतो. खर्र, खर्र. त्याने मला जाग येते. घड्याळ आहे का माझ्याकडे? नाही. त्या आवाजावर उठते मी. उद्या कशावर उठू?”

“आई…”

“थांब. मला राग आलाय तुझा.” आई हे अगदी शांतपणे म्हणाली. आईच्या तोंडून हे वाक्य तिने उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. “या घरात आले तेव्हापासून मला राग आला की लोक मला फिरायला नेतात. तळी दाखवली, अस्वलं दाखवली. पायपीट करून करून परत येईपर्यंत राग पार दमून जायचा. मग तुझे बाबा म्हणायचे, बघ, बरं वाटलं ना? बरं नव्हतं वाटत. पाय दुखायचे.”

मधलीला हसावं की रडावं कळेना.

“हा राग मी इथे टाकून जाणार नाहीये. बाग छान आहे, पण नाही. हा मी घरी नेणार. माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून मी मनसोक्त रागावणार, आणि किती दिवस ते मला आत्ता माहीत नाही. तुला जायचं असेल तर मी रागावलेली असताना जा. मी हसायची वाट बघत बसलीस तर तुझी ती बाई म्हातारी होईल.”

“अशी कशी जाऊ?”

“ते मला विचारू नकोस. ते तुझं तू बघ.” आईने पुन्हा सफरचंद उचललं. “गोड आहे. पण मी आत्ता तुला देणार नाहीये.”

इतकी वर्षं मधली घरातल्या सगळ्यांची मनं राखत आली होती. कोणाच्या कपाळावर आठी पडली की ही पाणी घेऊन धावायची. तिला वाटायचं, आपण कोणाला दुखावलं की ते माणूस तुटतं, पडतं, मग ते काही उभं राहत नाही. आणि इथे आई तिच्यावर रागावून, पाय जमिनीवर टेकवून, सफरचंद खात बसली होती. वरती निळं आभाळ होतं, त्यात एक पांढरा ढग होता, तो हलत नव्हता. मधलीला वाटलं, या बाकावरून आपण उठलोच नाही, ही दुपार अशीच राहिली, तर बरं. काहीच ठरवावं लागणार नाही.

“आई!” झुडपांपलीकडून दादा ओरडला. “कुठे आहेस? ऐक, तू आमच्याकडे ये राहायला! मी ठरवलंय!”

“मी कुठेही येणार नाही!” आईनेही आवाज चढवला. “मला कोणी इकडेतिकडे न्यायचं नाही!”

“मग रात्री सोबतीला कोण?”

मग झुडपांवरून एक लांब हात आला आणि त्याच्यामागे बुटकीचा आवाज. “आजी, मी येते तुझ्याकडे. कॉलेज तिथून जवळ पडतं. येऊ?”

“ये,” आई म्हणाली. “पण काही दिवस माझ्याशी बोलायचं नाही. मी रागावलेली असणार आहे.”

“चालेल. मीपण अभ्यास करत नसते तेव्हा कुढतच असते.”

“आणि मी न सांगता रात्री आले तर?” हा धाकटीचा आवाज. प्रथमच तो लहान होता, जेमतेम झुडपं ओलांडणारा.

“चादरी कुठल्या कपाटात आहेत ते तुला माहितीय,” आई म्हणाली. “स्वतःची काढून घे. किल्ली देईन.”

पलीकडे कोणीतरी नाक शिंकरलं, आणि वहिनीचा हळू आवाज आला, “हं, घ्या, रुमाल घ्या.”

भूलभुलैयातून बाहेर पडायला सगळ्यांना फार वेळ लागला. दादा शेवटपर्यंत एका कोपऱ्यात अडकून राहिला, आणि कुठल्यातरी अनोळखी पाच वर्षांच्या मुलीने त्याचा हात धरून त्याला बाहेर आणलं.

परतताना गाडीत पायाशी ठेवलेल्या टोपल्यांतून सफरचंदांचा वास येत होता. बाहेर शेतं, पवनचक्क्या, एकेक दिवा लागलेली घरं मागे जात होती. वहिनीला आणि बुटकीला झोप लागली होती, एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर. मधली खिडकीतून बघत होती आणि मनात दोन्ही उत्तरं म्हणून पाहत होती. येते. नाही जमणार. दोन्ही सारखीच जड होती. आई पुढच्या सीटवर ताठ बसली होती, आणि तिच्या मानेकडे बघून मधलीला दर वळणावर वाटत होतं, आता वळेल, आता म्हणेल.

आई वळली नाही.

घरापाशी गाडी थांबली. आई उतरली, कोणाचा हात न धरता पायऱ्या चढली, कुलूप काढून आत गेली आणि आपल्या खोलीचं दार तिने धाडकन लावलं. इतकं की ओट्यावरची भांडी खणाणली. त्या घरात आजवर दार असं लागलं नव्हतं. दादा सफरचंदांची टोपली घेऊन उंबऱ्यात आला होता. त्याने वर आढ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग टोपली खाली ठेवली, मधलीच्या डोक्यावर ओझरता हात ठेवला आणि निघून गेला.

मधलीने दिवा लावला. मागच्या खोलीत टेबलावर एक अर्धी कवळी मेणात तशीच होती. बाहेरच्या खोलीत ती फोनपाशी उभी राहिली. आईच्या दाराखालून उजेडाची पट्टी येत होती. दार उघडलं असतं तर, आईने एकदा बाहेर डोकावलं असतं तर, तेवढ्यावरसुद्धा तिने भागवलं असतं. दार बंदच राहिलं. आई आत होती, रागावलेली होती, आणि आज ते बदलणार नव्हतं.

तिने फोन लावला. पलीकडे बाईंनी “हं” म्हटलं.

“मी येते,” ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, दाराआड ऐकू जाईल असं, “मी येते, बाई. पुढच्या महिन्यापासून.”

फोन ठेवून ती वळली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग दाराला अगदी लागून, रागाने थरथरणारा आईचा आवाज, “तिकडे समुद्राचं वारं असतं. गार. माझी लोकरीची शाल न्यायची नाही, आत्ताच सांगून ठेवते. तुझी तू घे. जाड बघून घे.”

“नाही नेत,” मधली म्हणाली. “घेईन जाड बघून.”

दार उघडलं नाही. मधली दाराच्या अलीकडे तिथेच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. रडता रडता तिला पहिल्यांदा खरं वाटलं की आपण जाणार आहोत.